गुलाबांना इंजिनाचं पाणी

१९ ऑक्टोबर १९५८

लागलं! तिसऱ्या हँडलला लागलं.

पहिल्या दोन वेळा नुसतं खोकलं. कुंपणाला टेकून अर्धी आळी उभी होती, ती हसली. मी कुणाकडे पाहिलं नाही. तेलाचा नळ पाव फेरा मोकळा केला, आतली हवा काढली, पुन्हा हँडल मारलं. धाप-धाप-धाप, एकसारखं! वीस वर्षं रेवसच्या लाँचवर इंजिन चालवलं, पण ते दुसऱ्याचं. हे माझं, माझ्या विहिरीवर. पन्हळीत मनगटाएवढी धार पडली तेव्हा माझ्या बायकोने, राहीने, तोंडावर पदर घेतला. नंतर म्हणते, "मला वाटलं, फुटलं काहीतरी."

येसाजी रेड्याच्या रहाटाच्या खांबाला टेकून उभा होता. माझा धाकटा भाऊ. पण मी लाँचवर असताना नारळ-सुपारी सगळं त्यानेच सांभाळलं, म्हणून वाडीत तो थोरल्यासारखा वागतो. सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, रेड्याच्या मागनं शेण तरी पडतं. ह्याच्या मागनं काय पडतं?"

"धूर," मी म्हणालो.

"मंग गुलाबांना धूर घाल!"

हसले सगळे. हसोत.

२० ऑक्टोबर

इंजिन कशाला, हे एकदा लिहून टाकतो. काल रात्रीपासून मनातल्या मनात येसाजीशी भांडतो आहे.

लाँचवर मागच्या फळीवर माझ्या गुलाबाच्या कुंड्या असायच्या. समुद्राच्या वाऱ्याने पानं करपायची, तरी कळ्या यायच्या. उतारू विचारायचे, मी एखादी देऊन टाकायचो. नोकरी सोडून घरी आलो तेव्हा परसात वाफे केले. डोळा भरून कलम करायला कुणी शिकवलं नाही. इंजिनही कुणी शिकवलं नव्हतं. बघत राहायचं, हात मोडून घ्यायचे, पुन्हा करायचं. गेल्या साली अलिबागच्या बंगल्यांतली माणसं कलमं मागायला दाराशी येऊ लागली. मी देत होतो. राही एकदाच म्हणाली, "फुकट वाटता, तेच विकत वाटा." बस. त्या वाक्यावर नर्सरी उभी राहिली.

पण गुलाबाला वाळूत रोज पाणी लागतं. रहाटाची गाडगी सुपारी भिजवून होईपर्यंत ऊन डोक्यावर येतं, आणि भर उन्हात पाणी घालणं म्हणजे मुळं उकडणं. विहीर आम्हा दोघांत सामाईक. म्हणून ठरवलं, सकाळी त्याचा रहाट, दुपार कलली की माझं इंजिन. ह्यात कुणाचं काय गेलं?

२२ ऑक्टोबर — दसरा

इंजिनाला हळदकुंकू. राहीने झेंडूचा हार थेट चाकाला घातला. ओरडलो — चालू झालं तर हार गुंतेल, पट्टा उडेल! ती म्हणाली, "सणाच्या दिवशी तरी ओरडू नका हो त्याच्यासमोर." त्याच्यासमोर! जणू जावईच बसलाय.

२ नोव्हेंबर

डोळे भरायला सुरुवात. खुंट रानटी गुलाबाचा, डोळा चांगल्या जातीचा. छेद एका हालचालीत झाला पाहिजे, पुन्हा पातं फिरवलं की साल फाटते. डोळा ढालीसारखा काढायचा, मागे लाकूड राहता कामा नये. बांधायला केळीचं वाळलं सोप, रात्रभर भिजवलेलं. सुतळी नाही. सुतळी काचते. हे राहीला कितीदा सांगितलं!

सगळं घर कामाला लावलं आहे. राही सोप फाडते. येसाजीची बायको बायजा डबे भरते — माती, वाळू, कुजलेलं शेण. येसाजी संध्याकाळी मुकाट्याने डबे उचलून सावलीत ठेवतो. विचारलं, "कसं वाटतं?" म्हणाला, "मेलेलं जगवल्यागत." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

१२ नोव्हेंबर — पाडवा

पाटी लावली. 'बंधू नर्सरी — गुलाब, मोगरा व शोभेची झाडे.' बंधू हा शब्द मी मुद्दाम घातला. येसाजीने पाटी वाचली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "फुलांना पाटी कशाला लागते? वास येतोच की." पण जाताना ती किंचित तिरकी होती, ती सरळ करून गेला.

गावात मला अजून 'डायवर' म्हणतात. आज वाण्याकडे सांगितलं, यापुढे नर्सरीवाले म्हणा. तो म्हणाला, "बरं डायवर."

२६ डिसेंबर

चौलच्या दत्ताच्या जत्रेत पाल मांडलं. खेळणी आणि खाजं ह्यांच्या मधे आमचे गुलाब. पहिल्या दिवशी लोक वास घ्यायचे आणि पुढे जायचे. बायजाने डोकं चालवलं. प्रत्येक डब्यातलं एक फूल तोडून समोर परडीत मांडलं, म्हणजे झाडाला हात लावायचं कारण नाही. मला न विचारता केलं! पण बरोबर केलं. (तिला सांगितलं नाही.)

आज मुंबईचे एक शेट आले. चेंबूरला नवा बंगला, पुढे मोठी बाग. माझा गर्द लाल गुलाब त्यांनी तीनदा फिरवून पाहिला. दुसरीकडचे गुलाब लाँचमधून जाईपर्यंत मान टाकतात म्हणाले. मी म्हणालो, "माझे लाँचवरच वाढलेत." हसले. सगळी बाग माझ्याच कलमांची करायची ठरली! पावसाच्या तोंडावर माणूस नेईल. सगळी एका उंचीची, निरोगी हवीत.

परतताना बैलगाडीत येसाजी एकदम म्हणाला, "दादा, हे जमलं तर आपली पोरं मुंबैला पोटासाठी जायाची न्हाईत, व्हय?"

त्याच्या तोंडून 'आपली' ऐकलं. झोप कशी यायची आता!

५ जानेवारी १९५९

एवढ्या कलमांना पाणी पुरत नाही. दुपारचं इंजिन पुरेना. आता पहाटेही लावतो, रहाटाच्या आधी. विहीर लवकर खाली जाते, पंप हवा ओढू लागतो, म्हणून पाईप आणखी दोन हात खाली सोडला. जवळजवळ तळाला. आता धार तुटत नाही. किती साधी गोष्ट! आधीच का केली नाही?

येसाजी म्हणाला, "विहिरीला दम तरी खाऊ दे."

म्हटलं, विहीर काय रेडा आहे?

१४ जानेवारी — संक्रांत

कोंडाजी आला होता, उत्तरेकडच्या वाडीचा. तिळगुळाचं निमित्त, खरं काम इंजिन बघणं. तासभर भोवती फिरला. "डायवरकाका, मला पण असंच हवं. रहाटाची कुरकुर ऐकून माझी बायको माहेरी जाते." मी त्याला सगळं समजावलं. पुढच्या आठवड्यात मुंबईला त्याच्याबरोबर जाईन. पारखणारा माणूस पाहिजे, नाहीतर लोखंडबाजारातले त्याला भंगार देतील.

२५ जानेवारी

कोंडाजीचं इंजिन आलं. पाया मी घातला, पट्टा मी जुळवला. दुसऱ्याच हँडलला लागलं! त्याच्या आईने माझ्या पायावर पाणी घातलं. त्याच्या पलीकडचा काळूराम म्हणतो, उन्हाळ्याआधी त्यालाही. ह्या किनाऱ्याला इंजिन कुणी आणलं, हे कुणी लिहून ठेवणार नाही. मी ठेवतो. मी आणलं.

११ फेब्रुवारी

गुलाबाच्या पानांच्या कडा तपकिरी. खालची पानं, फक्त कडा. बोटाने चुरली तर कुरकुरीत. कीड नाही, भिंगाने पाहिलं.

१३ फेब्रुवारी

तंबाखूचं पाणी शिंपडलं.

१८ फेब्रुवारी

तंबाखूने काही झालं नाही. मोरचूद आणि चुना. त्यानेही नाही. मातीत हुमणी अळी असेल म्हणून दोन डबे उपटून मुळं पाहिली. मुळं स्वच्छ, पण टोकं काळवंडलेली. शेण ताजं पडलं असणार! बायजाला विचारलं, कुजलेलंच घेतलंस ना? म्हणाली, "तुम्हीच हुंगून दिलं होतं." खरं आहे. मीच हुंगलं होतं. मग काय?

दिवसभर वाफ्यांतून फिरतो. बसवत नाही. जेवताना उठून एकदा पाहून आलो. तेवढ्यात काय बदलणार?

२६ फेब्रुवारी

सापडलं! राहीच. मासळी धुतलेलं पाणी ती गुलाबांच्या बुडाशी ओतते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आजीच्या काळापासून अळूला ओततात तसं. पण सुक्या बोंबलाचं पाणी! खारावलेलं! "गुलाबांना बोंबील घालतेस?" म्हणून सगळ्यांसमोर बोललो. ती म्हणाली, "एका डब्याला ओतलं मी, त्या कोपऱ्यातल्या. सगळी नर्सरी मी एकटीने जाळली का?"

पण खारानेच जळतात अशी पानं, हे मला लाँचपासून ठाऊक आहे. यापुढे मासळीचं पाणी उकिरड्यावर.

४ मार्च

मासळीचं पाणी बंद करून आठवडा होत आला. कडा वाढतच आहेत. आता वरची पानंही.

पाणी वाढवलं. असलेला खार धुऊन जाईल. इंजिन सकाळी तासभर जास्त.

१० मार्च

घरात कटकट. आमटी खारट. राही म्हणते बायजाने मीठ दोनदा टाकलं, बायजा म्हणते थोरल्या जाऊबाईंनी टाकलं. परवा दोघींनी शपथा घेतल्या. शिवाय तुरीची डाळ शिजत नाही, दाणे दाणे राहतात. मी स्वतः वाण्याकडे गेलो. "जुनी डाळ गळ्यात मारतोस?" तो हात जोडून म्हणाला, "डायवर, हीच डाळ सगळी आळी खाते. तुमच्याच घरी का शिजत नाय?" माझ्याच घरी! म्हणजे माझ्या घरातल्या बायकांना चूल पेटवता येत नाही!

इथे कलमं मरताहेत आणि मी डाळीवर भांडतो आहे.

२४ मार्च — होळी

बायजाने वेगळी चूल मांडली. सणाच्या दिवशी. "मला चोर म्हटलं असतं तर चाललं असतं, पण मीठ टाकायची अक्कल नाही म्हणतात." पुरणाची डाळही कच्ची राहिली होती, त्यावरून पेटलं. येसाजी मधे पडला नाही. मीही नाही. ओट्यावर दोघे भाऊ बसून राहिलो. आतून पातेली वेगळी करण्याचा आवाज.

मी म्हणालो, "बायकांचं काय धरायचं."

तो म्हणाला, "हं."

त्याच्या मनात दुसरंच काहीतरी होतं. विचारलं नाही.

५ एप्रिल

शेटच्या माणसाचं पत्र, मेच्या अखेरीला येतो. निम्मी कलमं गेली. उरलेल्यांना नवी पालवी आहे, पण ती जन्मतःच करपलेली. झाडांना उत्तर ठाऊक आहे आणि ती मला सांगत नाहीत, असं वाटतं. चिडलो. एक डबा लाथेने उडवला. राहीने तो सरळ केला, माती भरली.

१७ एप्रिल

आज कळलं. नीट लिहितो.

इंजिनाला थंड ठेवणारं पाणी पंपातूनच घेतलं आहे, ते सिलिंडरभोवती फिरून गरम होऊन नळीने बाहेर पडतं. ती नळी बरेच दिवस सांध्यात ठिपकत होती. मोठं काम नाही म्हणून टाळत आलो — मी! आज पाना लावला. सांध्याभोवती पांढरं कवच जमलेलं. जाड, खरखरीत. बोटाने खरवडलं. आणि हात तिथेच थांबला.

हे कवच मी वीस वर्षं खरवडलं आहे. लाँचच्या इंजिनाला समुद्राचं पाणी फिरायचं. दर आठवड्याला ह्याच सांध्यावर हेच. जिभेला लावलं. मीठ.

माझ्या विहिरीवर.

बाटलीला बूच लावून, बुचाला वेगळी दोरी बांधून तळाला सोडली, खाली गेल्यावर बूच ओढलं. वर काढून चाखलं. थुंकलो. वरवरचं पाणी पोहऱ्याने काढून चाखलं. मचूळ, पण पाणी. आमचं प्यायचं पाणी पहिल्यापासून देवळाच्या विहिरीचं, म्हणून कुणाला चव कळली नाही. आमटीला कळली होती. डाळीला कळली होती. पानांना दोन महिन्यांपासून कळली होती.

समुद्र हाकेवर आहे. वाळूत खाली सगळं खारंच. त्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं, दुधावरच्या सायीसारखं. रहाट साय काढायचा, रात्रभर पुन्हा साय धरायची. मी पाईप तळाला सोडला. साय ओढून टाकली, आणि खालून दर्या वर आला. तोच मी गुलाबांना पाजला. जास्त जळू लागले म्हणून जास्त पाजला!

राहीला सांगितलं. वाटलं, बोंबलावरून बोलेल. ती म्हणाली, "आता आधी येसाजींना सांगा." आणि पुन्हा, "आजच."

१८ एप्रिल

काल सांगितलं नाही. आज सांगितलं. तो सुपारीच्या बुडाशी बसला होता. भोवती हिरवी, कोवळी फळं पडलेली.

मी सगळं सांगितलं. साय, पाईप, बाटली. तो ऐकत होता. मग एक फळ उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं. "पौषापासून गळतायत. मी रोज उचलून पाचोळ्याखाली घालायचो. तुला दिसू नये म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या इंजिनाच्या आवाजात ऐकू कुठं येतं?"

मग म्हणाला, "आणि सांगितलं असतं तर? तू म्हणला असतास, येसा, तुला समजत न्हाय." हेच म्हणालो असतो. अगदी ह्याच शब्दांत.

इंजिन बंद करतो म्हणालो. तो म्हणाला, "शेटची बाग?" मी म्हटलं, जाऊ दे. त्याने माझ्या हातातलं फळ घेऊन पाचोळ्याखाली सारलं. "बायजाला कसं सांगू? ती म्हणत होती, बाग झाली की पाटीखाली आपलं पण नाव."

१९ एप्रिल

पट्टा उतरवला. पाईप वर ओढला. तेल पुसलं, वर गोणपाट. वाडी इतकी शांत, की कान दुखतात.

२६ एप्रिल

रहाट दिवसभर. आधी सुपारी, उरलं तर गुलाब. गुलाबांना उरत नाही. येसाजीने सकाळी न सांगता पहिला पाट गुलाबांकडे वळवला. मी परत सुपारीकडे वळवला. दुपारी पाहिलं तर पुन्हा गुलाबांकडे. राही हसली. फार दिवसांनी.

शेटना लिहिलं, कलमं देता येणार नाहीत. कारण लिहिलं नाही. लिहून फाडलं दोनदा.

३ मे

देवळाच्या विहिरीचं पाणी राही कळशीने आणते आणि उरलेल्या बऱ्या कलमांना घालते, प्रत्येकी लोटाभर. बायजाही आपली कळशी घेऊन आली. राहीने तिला वाट दिली. दोघी बोलत नाहीत, पण रांग एकच.

रोज सकाळी बाटली सोडतो. अजून खारट. पंधरा दिवस झाले इंजिन बंद होऊन! विहीर शांत आहे, गोडं पाणी धरायला हवं. मी चूक सुधारली आहे. मग का नाही?

९ मे

खारट. आणि पातळी खाली चालली आहे. रहाटाची गाडगी अर्धीच भरून वर येतात. चैत्र-वैशाखात पाणी उतरतं हे मान्य. पण इतकं? माझं गणित चुकत नाही. कुठेतरी पाणी जातं आहे.

१२ मे

कळलं कुठे. आज वारा दक्षिणेचा नव्हता, म्हणून ऐकू आलं. उत्तरेकडून धाप-धाप-धाप. कोंडाजी. आणि त्याच्या मागे थोडं खालच्या पट्टीत, काळूराम. त्यालाही मार्चमध्ये मीच बसवून दिलं होतं. दोन्ही एकसारखी चालतात. माझंच काम आहे. चोख.

विहिरी वेगळ्या, पण वाळूखालची साय एकच.

१३ मे

कोंडाजीकडे गेलो. बाटली घेऊन गेलो. त्याच्याच विहिरीतलं पाणी काढून त्याला चाखवलं. त्याने चूळ भरून टाकली. "असेल थोडं मचूळ. उन्हाळाच हाय." मी सायीचं सांगितलं, सुपारीचं, पानांचं. त्याने वांगी आणि भेंडी केली आहे, अलिबागच्या बाजाराला रोज जाते.

"काका, बसवताना म्हणालात, पाईप तळाला सोड. आता म्हणता, इंजिनच काढ. तुमचा धंदा बसला म्हणून आमचा पण बसवायचा काय?"

तिथे चार माणसं होती. एकजण म्हणाला, "डायवरला आता रेडा आवडायला लागला."

काळूराम तर बाहेरच आला नाही. आतून म्हणाला, "कोंडाजी थांबवेल तर मी थांबवीन."

पुन्हा कोंडाजीकडे गेलो. तो म्हणाला, "काळूराम थांबवू दे आधी."

१६ मे

ग्रामपंचायतीत अर्ज घेतला नाही. "विहीर ज्याची त्याची." बरोबर आहे, कायद्याने बरोबर आहे. पाणी कुणाचं, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

परत येताना पाच ठिकाणी थांबलो, वाडीवाडीत. सगळ्यांनी चहा विचारला. सगळ्यांनी मान हलवली. दोघांनी निघताना विचारलं — इंजिन कुठल्या कंपनीचं चांगलं?

२१ मे

गाडगी रिकामी वर येतात. पाण्यापर्यंत पोचत नाहीत, दगडाला घासतात. काल दोन फुटली. येसाजी खाली उतरून गाडग्यांची माळ लांबवायला पाहत होता, गाडगी बांधायचं लाकूड पुरत नाही. वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल. बराच वेळ काठावर बसला. कोंडाजीचं इंजिन ऐकू येत होतं, काळूरामचं पण. त्याने विचारलं, "दादा, आपण इंजिन बंद ठेवून जे पाणी वाचवतो, ते जातं कुठं?"

मी बोट उत्तरेकडे केलं.

तो म्हणाला, "हं."

२३ मे

गर्द लाल कलमं संपली. आज शेवटचं. बाकीची बरीचशी उभी आहेत, कळशीच्या पाण्यावर. राहीचे हात दोरीने सोललेत. थांब म्हटलं तर म्हणते, "तुम्ही थांबलात ना? मग मी कशाला?"

सुपारीच्या शेंड्याची पानं पिवळी पडली आहेत. सुपारी गेली की सात-आठ वर्षं मागे. येसाजीने आयुष्य घातलं त्यात. तो रोज संध्याकाळी एकेका झाडाला हात लावून फिरतो. आधीही फिरायचा का? मी कधी पाहिलं नव्हतं.

२४ मे

पहाटे जाग आली ती गोणपाट ओढल्याच्या आवाजाने. बाहेर गेलो. येसाजी. ज्याने कधी इंजिनाला बोट लावलं नव्हतं, त्याने हँडल धरलं होतं. चुकीचं, अंगठा वर ठेवून. उलटं फिरलं तर मनगट मोडतं. "त्यांनी ओढायचं आणि आपण बघायचं, व्हय?" एवढंच म्हणाला. पाईप त्याने आधीच तळाला सोडला होता. मी त्याचा अंगठा काढून बोटांच्या बाजूला ठेवला. मग त्याने हँडल मारलं. पहिल्याच फेरीत लागलं.

पट्टा मी चढवला.